आधी तू खा

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मी पोळी खिडकीसमोर धरून तिच्यातून ऊन दाखवायचे. शेजारीण मीठ मागायला आली तरी तिला आत ओढायचे, तव्यावरची पोळी उचलून दोन बोटांनी तिचे पदर सुटे करायचे आणि म्हणायचे, "मोजा बघू." ती बिचारी वाटी हातात धरून पदर मोजायची. ती नवी नवरी आज कुठं भेटली तर मी तिच्या हातातलं लाटणं काढून घेईन आणि म्हणेन, बयो, जरा दमानं. हीच कणीक एक दिवस तुला खाणार आहे.

पण तेव्हा घरात कौतुक करणारा माणूस होता. आमचे हे करमाडच्या बाजूच्या खेड्यातले. त्यांच्या लहानपणी गव्हाची पोळी दिसायची ती सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. एरवी सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकर. शहरात सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली आणि त्यांनी दोन गोष्टी गावातच ठेवल्या, गावची बोली आणि भाकर. 'व्हय' गेलं, 'हो' आलं. ताटात रोज पोळी आली. मी शहरातल्याच शहागंजातली, माहेरी पोळ्यांवरच वाढलेली. पत्रिका जुळली होती ती नावाला, संसार जुळला तो कणकेवर.

सासूबाई गावाहून आल्या की स्वतःपुरती भाकर थापायच्या. मी नाक मुरडून बाजूला उभी राहायचे. एकदा मला परातीपुढं बसवलं त्यांनी. माझी भाकर उचलतानाच फाटली. त्या म्हणाल्या, "पोळीला लाटणं लागतं, पोळपाट लागतो, तेल लागतं. भाकरीला नुसता हात लागतो पोरी. त्यो तुला नाय." मी चार दिवस फुगून बसले. तव्यावर एवढी कधी माझी पोळीही फुगली नसेल.

मग पोट बिघडायला लागलं. एकदम नाही, वर्षानुवर्षं, हळूहळू. जेवले की पोटात गोळा, दिवसातून कितीदा तरी संडास, तोंडात फोड, जिना चढले की डोळ्यांपुढं अंधारी. रक्त कमी म्हणून लोखंडाच्या गोळ्या, मग सुया. कुणी म्हणालं पाळी जातानाचं आहे, कुणी म्हणालं उतारवय, माझ्या नणंदेच्या मते मला कुणाची तरी नजर लागली होती. माझ्याकडं बघून कोण कशाला जळेल, हाडं तर दिसत होती.

आणि पोट बिघडलं की पथ्य. आमच्याकडचं पथ्य म्हणजे काय? दुधात कुस्करलेली पोळी. रव्याची पातळ खीर. गव्हाची लापशी. चहात बुडवलेला टोस्ट. जितकी आजारी पडायचे तितका मला गहू भरवला जायचा, आणि जितका गहू पोटात जायचा तितकी मी आजारी पडायचे. मी तर जरा बरं वाटलं की उठून दोन पोळ्या जास्तच खायचे, ताकद यावी म्हणून! हुशारी माझी.

शेवटी मुलीनं एका पोटाच्या डॉक्टरकडं नेलं. ती बिडकीनला असते, जावई तिकडच्या कारखान्यात. रक्त तपासलं, तोंडातून दुर्बीण घातली. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा लहान. तो म्हणाला, "आजी, याला सिलिअ‍ॅक म्हणतात. गहू बंद. मैदा, रवा, शेवया, बिस्किटं, सगळं बंद. पिठाचा कणसुद्धा नको."

"किती दिवस?"

"कायमचं."

"मग ठीक आहे," मी म्हणाले. "माझं कायमचं आता थोडंच उरलंय."

तो हसला. मुलगी रडली.

माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची तेव्हा मी तिला मुद्दाम शिवून पळायचे. त्याची फेड मी म्हातारपणी केली. माझी परात वेगळी, तवा वेगळा, फडकं वेगळं, डबे वरच्या फळीवर. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालेना, म्हणून मुलीनं घरघंटी आणून दिली. हिंगाच्या डबीतही गव्हाचं पीठ असतं हे कळलं तेव्हा मी हिंगाची डबी चिमट्यानं धरून बाहेर ठेवली. आजी वरून बघत असेल तर पोट धरून हसली असेल.

भाकरी मात्र शिकावी लागली. सासूबाई वीस वर्षं माझ्यासमोर बसून थापत होत्या तेव्हा नाही शिकले. आता मोबाइलमधल्या एका पोरीकडं बघून शिकले, तिलाही 'जरा सावकाश गं' म्हणत. बोटं सुजलेली, मनगट धड वळत नाही, पण उपाशी राहण्यापेक्षा बरं.

राहता राहिले हे. त्यांना पोळीच लागायची. घरात कणीक भिजवायची नाही म्हणून शेजारच्या गल्लीतल्या बाईंकडून त्यांच्या पोळ्या डब्यात येऊ लागल्या. मला वाटलं, झालं, सुटलं कोडं.

त्याच सुमारास ह्यांचं डोकं विसरायला लागलं होतं. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग सकाळ की संध्याकाळ. डॉक्टरांनी त्याचंही एक नाव सांगितलं. आमच्या घरात त्या वर्षी रोगांची नावंच फार आली. पण जीभ काही विसरली नव्हती. डब्यातल्या पोळीचा पहिला घास तोंडात घेतला आणि हे चावायचे थांबले.

"ही तुझी नाही."

"शेजारच्या बाईंची आहे. मला गव्हाला हात लावायचा नाही ना आता. डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना?"

"का हात लावायचा नाही?"

"मला बाधतो गहू. विषासारखा आहे मला."

हा शब्द माझ्या तोंडून गेला. त्यांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कचेरीत खोटा दाखला आणणाऱ्याकडं बघत असतील तसं.

"विष आहे," ते सावकाश म्हणाले, "म्हणून तू खात नाहीस. आणि मला वाढतेस."

मला हसू आलं. काय बिनतोड मुद्दा काढला होता! इतकं नेटकं बोलणं महिन्याभरात ऐकलं नव्हतं. पण ते हसत नव्हते. त्यांनी पोळीचा तुकडा तोडला, भाजीत बुडवला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

"आधी तू खा."

तिथून सुरू झालं. रोज. डब्यातली पोळी असो, नाइलाजानं मी तोंडाला फडकं बांधून स्वतः लाटलेली असो. भात दिला तर "मी काय आजारी आहे?" म्हणून ताट सरकवायचे. भाकर पुढं केली तर, "गावाकडनं कुणी आलंय का?" पोळीच हवी, आणि पोळीचा पहिला घास माझ्या तोंडात जायला हवा. मी समजावलं की ते पाच मिनिटांत विसरायचे. लक्षात राहायचं एकच, ही बाई मला मारायला बसलीय.

त्यात गंमत अशी की नवी नवरी असताना मी ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवायचे. जुनी चाल. मला ती फार गोड वाटायची. त्यांनी ताटाच्या कडेला माझ्यासाठी पोळीची चतकोर मुद्दाम ठेवलेली असायची, तूप लावून. मी ती शेवटी खायचे, डोळे मिटून. सिनेमातली नटी परवडली म्हणायची वेळ. आता पुन्हा त्यांच्याच ताटातली पोळी, त्यांच्याच हातानं.

मी लबाडी करून बघितली. लबाडीत मी लहानपणापासून पहिली. तांदळाच्या पिठाची वेगळी पोळी करून तिचा तुकडा दाखवून खाल्ला. ते म्हणाले, "तो नको. माझ्या ताटातला खा." मग मी घास गालात धरायला लागले. चावल्यासारखं करायचं, गिळल्यासारखं करायचं, मग पाणी आणायच्या निमित्तानं मोरीत जायचं आणि चूळ भरायची. बहुतेकदा जमायचं. कधी ते उठूच द्यायचे नाहीत, "तोंड उघड" म्हणायचे. त्या दिवशी गिळायचं.

गिळलं की पुढचे दोन-तीन दिवस माझे नसायचे. संडासाच्या दाराला हात टेकून उभी असायचे आणि आत बसायचीही शक्ती नसायची. रक्त पुन्हा उतरलं. मुलगी रविवारी आली, रिपोर्ट बघितला आणि माझ्यावर तुटून पडली.

"आई, तू मरशील अशानं."

"मग त्यांना उपाशी ठेवू?"

"बाबांना कुठंतरी ठेवू. अशा माणसांसाठी जागा असतात."

"तिथं आधी कोण खाऊन दाखवेल?"

ती म्हणाली, "तू गेलीस तर बाबांचं कोण करणार, याचा विचार केलायस?" रोज रात्री निजताना तेच तर मोजत होते, आधी कोण जायला हवं. त्यांनी जावं असं वाटायचं. वाटलं की पांघरूण डोक्यावरून घ्यायचे.

एका दुपारी मी पकडले गेले. घास गालात होता आणि एकदम उमासा आला. मोरीपर्यंत पोचता येईना, म्हणून पदरात थुंकले. वर बघते तर हे माझ्याकडंच बघत होते.

"थुकलीस," ते म्हणाले. आवाज चढला नाही, हळूच म्हणाले, खात्री झाल्यासारखे. "थुकलीस ना? व्हय ना?"

कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून 'व्हय' ऐकलं.

त्यांनी ताट भिंतीकडं सरकवलं आणि तोंड फिरवून निजले. मग जेवणच बंद. माझ्या हातचा चहाही नको. पाणी प्यायचे ते नळाला तोंड लावून. मुलगी धावत आली, तिनं केळं सोललं, तर म्हणाले, "तुला तिनंच शिकवलंय." गालांची हाडं वर आली. आता आम्ही दोघंही सारखेच दिसत होतो. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं. नाकातून घालायची.

दवाखान्यात न्यायचं ठरलं त्या सकाळी मी माझ्यापुरती भाकर करायला बसले. पाठ धरली होती, म्हणून परात ओट्यावरून खाली घेतली, जमिनीवर. ज्वारी जुनी होती, पीठ जुळत नव्हतं, गरम पाण्याचा हात देऊन देऊन मळावं लागलं. मग थापायला घेतली. थप थप थप. माझी थाप सासूबाईंसारखी नाही, पण परातीचा आवाज काही माणूस बघून बदलत नाही.

भिंत धरत धरत हे स्वयंपाकघरात आले. उंबऱ्यापाशी थांबले. मग माझ्यासमोर उकिडवे बसले. गुडघ्यांमुळं कित्येक वर्षं ते तसे बसलेले नव्हते.

"माय," ते म्हणाले, "भाकर टाकलीस व्हय?"

माझा हात पिठात तसाच राहिला. मागं बघितलं मी, खरंच. मागं भिंत होती.

"लई भूक लागली, माय."

मी भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, जाळावर शेकली. ती फुगली. माझी भाकर फुगेलच असं सांगता येत नाही, पण त्या दिवशी फुगली. वरचा पापुद्रा काढला, त्यात कारळाची चटणी घातली, चटणीवर तेल सोडलं आणि ताटलीत ठेवली. आता ते म्हणतील, आधी तू खा. म्हणाले असते तर मी आनंदानं खाल्ली असती, आख्खी.

ते म्हणाले नाहीत. आईनं वाढलेलं कुणी तपासत नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला, मग दुसरा. चटणी बोटानं पुसून घेतली. मी बघत बसले आणि तव्यावरची दुसरी भाकर करपली.

"अहो, सावकाश—" माझ्या तोंडून गेलं.

ते दचकले. हात ताटलीवरून मागं घेतला, दाराकडं बघायला लागले, कुणी आलंय की काय. एवढ्यानं सगळं पुन्हा मोडलं असतं. आख्ख्या संसारात ज्या माणसाला मी 'अहो'शिवाय हाक मारली नाही, त्याला मी म्हणाले, "खा रे. खा बाळा. अजून टाकते."

दवाखान्यात गेलो नाही. त्या आठवड्यात डब्यातल्या पोळ्या बंद केल्या. उरलेला गहू मुलगी घेऊन गेली. घरात आता गव्हाचा कणही नाही. पोळपाट-लाटणंही तिनंच नेलं. गाडीत ठेवताना म्हणाली, "आई, बघ, किती सोपं झालं सगळं." मी हो म्हटलं.

माझं पोट सुधारलं. रक्त वर आलं. पोटाचा तो लहान डॉक्टर खूश. "वा, आजी! पथ्य असं पाळावं. कसं जमवलंत?"

"नवरा सोडला," मी म्हणाले. तो खो खो हसला. त्याला वाटलं, आजी गमत्या आहेत.

परवा भाकर खाता खाता हे मध्येच थांबले.

"माय, ती बाई गेली का गं?"

"कोण बाई?"

"ती शहागंजातली. गव्हाच्या पोळ्या करायची ती."

"गेली."

"बरं झालं." एक घास खाल्ला. "मला मारायला बसली व्हती."

मी तव्यावरची भाकर उलटली. विचारू नये ते विचारलं, खोड माझी. "लई वाईट होती का रे?"

त्यांच्या बोटावरची चटणी वाळली.

"नाय," ते म्हणाले. "पोळ्या चांगल्या करायची."

मग ताटली पुढं केली, आणि मी त्यांना अर्धी भाकर वाढली.