खिडकीच्या कडेचा डाग

लाँड्रीत जन्म काढलेल्या काकूंना डाग म्हणून बघवत नसे. काकांच्या माघारी त्यांनी लाकडी बॉडीची जुनी स्टेशन वॅगन विकायला काढली, तेव्हा किंमत करायला आलेल्या माणसाने बजावलं, "गाडी मूळ रूपात आहे, कधी दुरुस्त केलेली नाही. किंमत त्याचीच आहे. लाकडाला हात लावू नका."

घेणारा रविवारी येणार होता. तोवर काकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा ठेवून त्या गॅरेजमध्ये डोकवायच्या आणि इकडे चहा उतू जायचा.

"आई, बस ना जरा!" लेक वैतागली.

शनिवारी काकूंचे हात शिवशिवलेच. ड्रायव्हरच्या खिडकीची काळपट लाकडी कड त्यांनी घासून पांढरीफटक केली.

रविवारी घेणारा नेमका तिथेच थबकला. "इथे चालवणाऱ्याच्या कोपराचा डाग असतो. तो कुठे गेला?"

काकूंनी त्या कडेवरून बोट फिरवलं. काका तिथेच कोपर टेकवून गाडी चालवत.

"मीच घालवला," त्या म्हणाल्या.

त्याने किंमत उतरवली. काकूंनी हुज्जत न घालता किल्ली दिली. गाडी गेली, तरी काकू संध्याकाळपर्यंत रिकाम्या गॅरेजच्या आतबाहेर करत राहिल्या.