मावशीचा शुद्ध मध

माझी मावशी नाकावर माशी बसू देत नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात आणि म्हणताना हसतात. कारण तिचा धंदाच माशांचा. पेटीचं झाकण काढलं की मधमाशा खुशाल तिच्या नाकावर, भुवईवर, कानाच्या पाळीवर फिरतात आणि ती हूं की चूं करत नाही. माणसांचं तसं नाही. माणसानं तिचा शब्द खोडला की दिवसभर भांडी आदळतात.

फळबागेच्या कडेला तिच्या पेट्या आहेत. पोळ्याची चौकट उचलायची, उजेडाकडे धरायची, मेणाची झाकणं सुरीनं खरवडायची आणि यंत्रात घालून फिरवायची, यात तिचं आयुष्य गेलं. फुलं नसतात तेव्हा माशा उपाशी मरू नयेत म्हणून त्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. काही जण तो पाक जरा सढळ हातानंच देतात आणि माशा त्याचं जे काही करून ठेवतात ते मध म्हणून विकतात. मावशीनं ते पाप कधी केलं नाही. पाक दिलेल्या पेटीला ती लाल रंगाचा पट्टा मारते आणि तिच्यातला थेंबही बाटलीत जाऊ देत नाही. साखर ही तिची जन्माची वैरीण. मध आणि साखर एका जातीचे आहेत असं तिला कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याला पेट्यांच्या मधोमध उभं केलं असतं.

काका, म्हणजे तिचे यजमान, शहरात बस चालवायचे. माणूस अबोल. घरात बोलायचं खातं मावशीकडे आणि ऐकायचं काकांकडे, अशी जुनी वाटणी होती. त्यांच्या रक्तात साखर निघाली, त्याच दिवशी मावशीनं स्वयंपाकघरातला साखरेचा डबा उचलला आणि माशांच्या पाकासाठी नेऊन ठेवला. मग चहात मध, पावावर मध, सकाळी कोमट पाण्यात मध.

मी तेव्हा नोकरीसाठी त्यांच्याकडेच राहत होते. एकदा म्हटलं, "मावशी, गोड ते शेवटी गोडच ना?"

"औषध ओलं असतं आणि सरबतही ओलं असतं," ती म्हणाली. "म्हणून दोन्ही एक का?"

आणि भांडी वाजलीच. शनिवारच्या बाजारात ती हेच गिऱ्हाइकांना ठासून सांगायची. खोकला, घसा, झोप, वजन, आणि मधुमेह असेल तर साखर सोडा, हा घ्या. खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. जे ती विकत होती तेच घरी नवऱ्याला चमच्यानं भरवत होती.

काका गोळ्या घेत होते, तरी साखर चढत राहिली. डॉक्टर खाण्यापिण्याचं विचारायचे, मावशी छातीठोकपणे सांगायची, "साखरेचा कणही नाही घरात." काका मूग गिळून बसायचे.

पुढे त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नवा बूट लागला. क्लच दाबायचा पाय तो. साखरेनं पायाची जाणीव कमी झालेली, त्यामुळे फोड फुटून चिघळला तरी त्यांना कळलं नाही. मावशीनं जखम धुतली आणि तिच्यावर आपल्याच बाटलीतला मध लावून पट्टी बांधली. काका तसेच बस चालवत राहिले.

पेटीतल्या अळ्यांना रोग लागला की झाकण उघडताच एक कुजका वास येतो. मावशीचं नाक त्या बाबतीत फार तिखट. एके सकाळी पट्टी सोडताना तिला तो वास आला. तिनं पाय टॉवेलात गुंडाळला, काकांना घरच्याच कपड्यांत रिक्षात घातलं आणि इस्पितळात नेलं. मी मागून धावत गेले.

अंगठा काढावा लागला. अजून उशीर झाला असता तर पाऊलच गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

पट्टी बदलणाऱ्या सिस्टरनं मावशीला बाकावर शेजारी बसवून घेतलं. बाई शांत होत्या, म्हणूनच बहुधा मावशी ऐकू शकली.

"मध वाईट नाही हो," त्या म्हणाल्या. "मोठ्यांचा खोकला निवतो, घसा मऊ पडतो. जखमेवर आम्हीही कधी कधी वापरतो, पण तो जंतू मारून तयार केलेला असतो, आणि जखम आधी डॉक्टर बघतात. वर्षाच्या आतल्या बाळाला तेवढा कधी चाटवू नका. आणि पोटात गेला की तो साखरच. माशीनं केली काय, कारखान्यानं केली काय, रक्ताला सारखीच."

"माझा शुद्ध आहे," मावशी म्हणाली.

"शुद्धच असेल. शुद्ध साखर आहे ती."

मावशीनं भांडण केलं नाही. मला त्याचीच भीती वाटली.

काका घरी आले, पण बस सुटली ती सुटलीच. चहा बिनसाखरेचा, बिनमधाचा झाला. मावशीनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. भांडीही वाजेनाशी झाली. चूक झाली, हे वाक्य तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. काका वाट बघत होते का, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही. मला मात्र तिचा राग येत होता. एक शब्द, बास! तेवढाही या माणसाच्या वाट्याला येऊ नये?

शनिवारी ते तिच्यासोबत बाजारात येऊ लागले, स्टुलावर पाय पुढे करून बसायचे. तिथं एक म्हातारे गृहस्थ आले, नेहमीचे. मधुमेही बायकोसाठी मोठी बाटली नेणारे.

"तुम्हाला देणार नाही," मावशी म्हणाली.

"का? संपला?"

"संपला नाही. त्यांना चालत नाही. यानं साखर वाढते."

"अहो, तुम्हीच तर सांगितलं होतं! ती नको म्हणायची तरी मी तिला आग्रह करकरून घालतोय. आता घरी जाऊन काय तोंड दाखवू?"

मावशीनं हातातली बाटली खाली ठेवली. "सांगा, मधवालीची चूक झाली. माझी चूक झाली. आणि आजच त्यांना डॉक्टरांकडे न्या. पाय बघायला सांगा."

ते रागानंच गेले. शेजारचा भाजीवालाही वळून बघत होता. काका हळूच म्हणाले, "ऐकलं हं मी."

"ते तुम्हाला नव्हतं सांगितलं."

"असू दे. मला चालतंय तेवढंच."

"नाही चालत," मावशी म्हणाली. "अहो, तुमचा अंगठा मी घालवला. मी माझ्या हातानं."

काकांनी तिच्याकडे बघितलं. "मधानंच साखर चढतेय, अशी मला तेव्हाच शंका आली होती गं," ते म्हणाले. "पण सकाळी तू चमचा घेऊन समोर उभी राहायचीस. रोज. लग्नानंतर एवढं लक्ष तू फक्त माशांकडेच दिलं होतंस."