बसराईची पिवळी पानं

माई दारातच थांबल्या. आत यायला तयार नव्हत्या.

"या ना माई," मी म्हटलं.

"नको भाऊ, तुम्हीच बघा. लाडाने रोपं बुडतात."

हे वाक्य माझंच होतं. मागच्या भेटीत मी ते सहज बोलून गेलो होतो. माईंनी ते जपून ठेवलं आणि आज जसंच्या तसं परत केलं. मी मान खाली घालून ट्रेमधली रोपं बघायला लागलो.

मी बुऱ्हाणपूरजवळच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करतो. केळीच्या कोंबाचा बारीक तुकडा बाटलीत वाढवायचा, त्यापासून रोपं करायची, हे लॅबचं काम. रोपं बाटलीबाहेर आली की त्यांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावावी लागते. त्याला आम्ही हार्डनिंग म्हणतो. या काळात रोपाला काही झालं की फोन मला येतो.

बहादरपूरच्या आबांचा फोन आला तेव्हा मला जरा जास्तच काळजी वाटली, कारण ही रोपं विकत घेतलेली नव्हती. आबांच्या शेतात त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून बसराई केळी होती. आसपास सगळ्यांनी जी-नाइन ही नवी जात लावली, आबांनी एक तुकडा बसराईचा ठेवलाच. मग व्हायरस आला आणि सगळा बाग उपटावा लागला. तेव्हा निरोगी दिसणारे दोन-चार कोंब आबांनी गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे आणले. "भाऊ, एवढं जगव," म्हणाले. आम्ही टेस्ट करून चांगल्या कोंबापासून रोपं केली. त्यानंतर लॅबमधल्या मूळ बाटल्यांना बुरशी लागली आणि त्या फेकाव्या लागल्या. म्हणजे आबांची बसराई आता जगात फक्त आबांच्याच घरी होती. गोदामातल्या एका बंद खोलीत, एलईडी लाइटखाली.

रोपं बंद खोलीत ठेवायचं कारण मावा. हा बारीक किडा शेजारच्या शेतातून व्हायरस आणतो. म्हणून आबांच्या जुन्या कापसाच्या गोदामाचा अर्धा भाग प्लास्टिक लावून बंद केला होता. उरलेल्या अर्ध्या भागात त्यांचा पुतण्या गिरीश केळी पिकवण्याचं चेंबर चालवायचा.

तर पानं पिवळी पडत होती. खालची आधी, मग त्यावरची.

खालची पानं पिवळी पडली की पहिला संशय नायट्रोजनवर. जमिनीत नायट्रोजन कमी असला की रोप जुन्या पानांतून तो काढून नव्या पानांना देतं. मी फोनवरच विद्राव्य खताचा हलका डोस सांगितला. काही फरक पडला नाही.

मग मी स्वतः आलो. ट्रे ओले होते. ओल जास्त झाली की मुळांना हवा मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. पाणी कोण घालतं विचारलं. आबांच्या पत्नी, माई घालत होत्या, सकाळ-संध्याकाळ, तांब्याने. माई प्रत्येक रोपाशी बोलायच्या. घरच्या सत्यनारायणाला खांब याच केळीचे असायचे, बाग गेल्यापासून ते दुसऱ्याच्या शेतातून मागून आणावे लागत होते. त्यामुळे जीव जरा जास्तच होता. आणि मी म्हणालो, "माई, लाडाने रोपं बुडतात." आबा हसले. मीही हसलो. माई हसल्या की नाही, ते मी बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून माईंनी खोलीत पाऊल टाकलं नाही. पाणी आबा मोजून घालू लागले. माती कोरडी झाली. पानं तरीही पिवळी पडत राहिली.

म्हणजे माईंचा दोष नव्हता. हे मला कळलं होतं. सांगायला मात्र तोंड उघडलं नव्हतं.

आता उरला व्हायरस. पानांचे तुकडे लॅबमध्ये नेऊन स्ट्रिपवर टेस्ट केले. निगेटिव्ह आले. पण आमच्या साहेबांना टेस्टवर भरवसा नव्हता.

"स्ट्रिप पे मत जाओ," ते फोनवर म्हणाले. "डाउट है तो बॅच डिस्ट्रॉय करो. सोमवार तक."

"साहेब, ही शेवटची आहेत. लॅबमध्ये बॅकअप नाही."

"इसीलिए तो बोल रहा हूँ. पूरे गाँव में फैला तो?"

चुकीचं काहीच बोलत नव्हते ते. डिस्ट्रॉय म्हणजे उपटायचं, डिझेल टाकायचं आणि जाळायचं. आबांना हे मी अजून सांगितलं नव्हतं. म्हणून आज शेवटचं बघायला आलो होतो.

एक रोप उपटून मुळं धुतली. पांढरी, निरोगी. पाण्याचा पीएच ठीक. भिंग लावून पानांची पाठ बघितली, कीड नाही. व्हायरसचे पट्टे नाहीत. पान एकसारखं पिवळं होत होतं, शांतपणे, कसलाही डाग न पडता.

"चला, जेवून घ्या," आबा म्हणाले. "उपाशीपोटी डॉक्टरलासुद्धा दिसत नाही."

माईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कच्च्या केळीची भाजी वाढली. आबांनी पहिला घास खाल्ला आणि थांबले.

"भाजीत गूळ घातला काय?"

"गूळ कशाला घालू? केळंच गोड निघालं."

"मी हिरवं काढून आणलं होतं."

"तुम्ही आणलं हिरवं आणि ठेवलं त्या खोलीत. दुसऱ्या दिवशी पाहावं तर पिवळं. किती वेळा सांगितलं, तिथे ठेवू नका."

"इथे उंदीर खातात ना! ती खोली बंद असते, सेफ."

"मग खा गोड भाजी."

आबा माझ्याकडे वळले. "बघा भाऊ, त्या खोलीत सगळंच पिकतंय. केळं पिकलं, पानं पिकली, आणखी चार दिवस बसलो तर मीही पिकेन."

"तुम्ही कधीचेच पिकलात," माई म्हणाल्या.

मी हातातला घास ताटात ठेवला.

पान पिवळं पडलं की आपल्याकडे पान पिकलं असंही म्हणतात. आबा पहिल्या फोनपासून तेच म्हणत होते. "पानं पिकायला लागली भाऊ." मी मनातल्या मनात त्याचं भाषांतर करायचो, यलोइंग. आणि यलोइंगची पुस्तकातली कारणं एकेक तपासत होतो. पिकलं हा शब्द मी ऐकलाच नव्हता. डिसेंबरच्या थंडीत हिरवं केळं एका दिवसात पिवळं होत नाही. त्याला कोणीतरी पिकवावं लागतं.

"गिरीश कुठे आहे?" मी विचारलं.

गिरीश चेंबरवरच होता. मी आणि आबा तिकडे गेलो. केळी पिकवायला तिथे इथिलिन नावाचा वायू सोडतात. पिकणारं फळ हा वायू स्वतःही सोडतं. फळाला तो मिळाला की ते पिकतं. आणि कोवळ्या पानाला मिळाला की त्याला वाटतं आपलं वय झालं. ते पिवळं होऊन गळायला लागतं.

"भाऊ, मैं तो रोज एग्झॉस्ट चलाता हूँ," गिरीश म्हणाला. "नियमाने. चेंबर उघडायच्या आधी सगळी हवा बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

त्याने वर बोट दाखवलं. एग्झॉस्टचा पाइप पत्र्याखालच्या पोकळीत उघडत होता. तिथून हवा पत्र्याच्या फटींतून निघून जायची. इतकी वर्षं काही त्रास नव्हता.

मी शिडी लावून वर बघितलं. सगळ्या फटींत गोणपाट ठासून भरलं होतं. आमच्या खोलीच्या प्लास्टिकच्या छताला मात्र वायरसाठी भोक होतं, वायूला तेवढीच वाट उरली होती.

"हे गोणपाट कोणी लावलं?"

"तुम्हीच सांगितलं ना," आबा खालून म्हणाले. "थंडी सुरू झाली तेव्हा. रोपांना गार वारा लागू देऊ नका, फटी बुजवा म्हणालात. मी आणि माईने दिवसभर बसून बुजवल्या."

मी शिडीवरच थोडा वेळ उभा राहिलो. खाली उतरायची घाई नव्हती.

पण साहेबांना नुसती गोड भाजी पुरावा म्हणून चालली नसती. शेजाऱ्यांच्या परसातून टोमॅटोची दोन रोपं कुंडीत मागून आणली. टोमॅटो या वायूला फार हळवा असतो. एक कुंडी खोलीत ठेवली, एक माईंच्या स्वयंपाकघरात. गिरीशला म्हटलं, रोजच्यासारखं काम कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातलं रोप ताठ होतं. खोलीतल्या रोपाचे देठ मिटलेल्या छत्रीसारखे खाली वळले होते. माती ओली होती, तहानेचा प्रश्न नव्हता. दोघांचे फोटो साहेबांना पाठवले.

"ये क्या है?"

"इथिलिन, साहेब. व्हायरस नाही. रोपं पिकताहेत."

पाइपचं आणि बुजवलेल्या फटींचं सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फटी बंद करने को किसने बोला था?"

"मी."

"अच्छा. मत जलाओ." आणि फोन ठेवला.

गोणपाट काढलं. गिरीशने पाइप मागच्या भिंतीतून थेट बाहेर काढला, छताचं भोक बंद केलं. थंडीसाठी खोलीत आतून दुसरा पडदा लावला. आबांच्या भाजीच्या केळ्यांना उंदरांच्या हवाली केलं.

पिकलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. आठवडाभर आम्ही सगळे फक्त वाट बघत होतो. मग आबांचा फोन आला. नवा कोंब उलगडलाय, म्हणाले. आवाज असा की घरात पाळणा हलला असावा.

मी गेलो. गुंडाळीसारखं पान अर्धं उघडलं होतं, पोपटी, स्वच्छ. काही रोपं गेली होती. पण शेतात एक ओळ लागेल एवढी नक्की उरली होती.

माई दारातच होत्या.

"माई," मी म्हटलं, "तुमच्या पाण्याने काही झालं नव्हतं. फटी मी बुजवायला लावल्या आणि बोल तुम्हाला लावला. आणि कळल्यावरही सांगायला उशीर केला."

माईंनी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. "आमच्या घरात चूक कबूल करणारा पुरुष पहिल्यांदाच पाहिला," म्हणाल्या.

"ते घरातले नाहीत, म्हणून," आबा म्हणाले.

माई आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. उंबरा ओलांडला. पहिल्या ट्रेपाशी वाकून त्यांनी विचारलं, "किती घालू?"

"तुम्हाला वाटेल तेवढं."

हल्ली कोणाचाही फोन आला की मी आधी दोन गोष्टी विचारतो. पान कसं झालंय, ते तुमच्याच शब्दांत सांगा. आणि शेजारच्या खोलीत काय चालतं?

बसराई आता शेतात आहे. आणि खरं सांगायचं तर माई त्या दिवशी पाणी जरा जास्तच घालत होत्या. त्या निघून गेल्यावर मी पाणी निथळायला ट्रे थोडा तिरपा करून ठेवला, इतकंच.