जाड रेघेवरचा संशय

देवासच्या एका कॉलेजात मी उंदरांच्या किडनीवर काम करत होते, तेव्हाची ही गोष्ट. किडनीत एक प्रथिन असतं. लघवीत निघालेलं मीठ ते पुन्हा रक्तात ओढून घेतं. कमी मीठ खाणाऱ्या उंदरांत ते वाढतं का, एवढंच मला बघायचं होतं. पण हे प्रथिन नुसतं दिसत नाही. त्याला शोधून चिकटणारी अँटीबॉडी बाहेरून मागवावी लागते. करंगळीएवढी कुपी, थंड पिशव्यांमध्ये गुंडाळून येते.

आमची आली तेव्हा त्या पिशव्या कोमट होत्या.

लॅबमध्ये माझ्याहून सीनियर एक जण होता, त्याला आम्ही सगळे भियाच, म्हणजे तिकडच्या बोलीत भैया, म्हणायचो. खोका त्याच्या हातात होता.

"कब आया, भिया?"

"अभी आया."

"अभी मतलब?"

"अभी मतलब अभी. तू तो पुलिस हो गई!"

तो हसला, पण माझ्याकडे न बघता. खोका गेटवर उन्हात पडून होता आणि हे त्याला माहीत आहे, असं माझ्या मनानं घेतलं.

तरी मी काम सुरू केलं. किडनीचा अर्क जेलीसारख्या थरातून पळवला की प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी होतात, जड वर, हलकी खाली. मग ती पातळ पडद्यावर उतरवून त्यावर अँटीबॉडी घालायची. ती जिथं चिकटेल तिथं काळी रेघ उमटते. माझ्या पडद्यावर रेघ उमटली. जाड, काळीभोर, कंपनीच्या कागदावरच्या फोटोत होती अगदी तिथंच. माझे गाइड, आमचे सर, खूश झाले. "बस, पोस्टर बना लो. इंदौर की कॉन्फ्रेंस में लगा देंगे."

मला मात्र ती रेघ आवडली नाही. कमी मिठाचे उंदीर असोत की नेहमीचे, तिची जाडी बदलत नव्हती. खूप खाली आणखी एक फिकट रेघ होती. सर म्हणाले, "वो कचरा है."

शनिवारी धारला घरी गेले. बाबांना ब्लडप्रेशर, म्हणून डॉक्टरांनी मीठ तोडलेलं. आई आपल्याला वेगळं वाढते असा त्यांना पक्का वहीम होता. आधी ते आपली आमटी चाखायचे, मग माझ्या वाटीत बोट बुडवायचे. जेवताना मी त्यांना रेघेचं सांगितलं. फोटोशी तंतोतंत जुळते, असंही सांगितलं.

"फोटो कोणी काढलाय?" त्यांनी विचारलं.

"कंपनीनं."

"म्हणजे विकणाऱ्यानंच," ते म्हणाले आणि माझी वाटी ओढली.

परत आल्यावर मी किडनीच्या शेजारी लिव्हरचा अर्क लावला. लिव्हरमध्ये हे प्रथिन असायचं कारण नाही. जाड रेघ तिथंही तेवढीच काळी आली.

सरांना दाखवलं तर ते माझ्याकडेच रोखून बघायला लागले. "तूने सैंपल मिला दिया होगा." मग त्यांनी भियाला माझ्या नळ्या तपासायला सांगितलं. तो माझ्या ओट्यापाशी उभा राहून एकेक नळी उजेडात धरून बघायचा, आणि मी त्याच्या हातांकडे बघत बसायचे. त्या दिवसांत आम्ही चहालाही बरोबर गेलो नाही.

शेवटी त्यानं सगळं स्वतःच्या हातानं पुन्हा केलं. पडदा घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"लिवर में है," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "और सुन. डब्बा सुबह से गेट पे पड़ा था. मैंने दोपहर में उठाया. सर चिल्लाते, इसलिए बोला नहीं. पर गरम होने से लाइन गायब होगी ना? लिवर में पैदा थोड़ी होगी!"

माझा संशय खरा निघाला होता, पण उपयोगाचा नव्हता. खोट कोमट पिशव्यांत नव्हती.

एक चाचणी उरली होती. प्रथिनाच्या एका टोकाचा जो तुकडा ओळखण्यासाठी ही अँटीबॉडी बनवलेली असते, तोच तुकडा विकत मिळतो. तो आधीच तिला चिकटवून टाकला की तिचं तोंड बंद होतं, आणि खरी रेघ नाहीशी होते. सर तयार नव्हते. "कंपनी का फोटो गलत है क्या?"

"सर, फोटो उन्हीं का है."

त्यांनी मागणीपत्रावर सही केली, पण माझ्याकडे न बघता.

तुकडा आल्यावर भियानं आणि मी चाचणी एकत्र केली. तोंड बंद केलेल्या अँटीबॉडीच्या पडद्यावर जाड रेघ होती तशीच बसलेली. नाहीशी झाली होती ती खालची, फिकट. मी जुने पडदे काढून बघितले. कमी मिठाच्या उंदरांत तीच रेघ जरा गडद होती, आणि लिव्हरमध्ये ती नव्हतीच. म्हणजे खरी रेघ तीच; किडनीतच कापल्या गेलेल्या प्रथिनाचा हलका भाग पहिल्यापासून आमच्या समोर होता.

सरांनी सगळे पडदे शेजारी शेजारी मांडले. "पोस्टर रोक दो," म्हणाले. मग फिकट रेघेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इस नीचे वाली पे भरोसा है तुझे?"

"अभी नहीं, सर."

मग दुसऱ्या कंपनीची, प्रथिनाचं तेच टोक ओळखणारी अँटीबॉडी मागवली. तिनंही खालचीच रेघ दाखवली, तेव्हा कुठं मी शोधनिबंध लिहायला घेतला. लिव्हरचा पडदा सरांनी स्वतः पहिल्या आकृतीत घातला.

त्यानंतर पहिल्या कंपनीच्या त्याच अँटीबॉडीची, पण नव्या बॅचची कुपी आली, ह्या वेळी चांगली गार. मी ती आधी लिव्हरवर लावली. जाड रेघ आली. किडनीवर लावली, तर खालची, खरी रेघ कुठंच नाही. भिया म्हणाला, "फिर से कर ले एक बार." पुन्हा केलं, तेच आलं. कुपी परत पाठवून दिली.