बुडालेली बाई व्हायची ड्यूटी

शोभा काठावर उताणी पडली होती. ओठ निळे, छाती हलत नव्हती. शेजारी सलीम, तसाच. बंधाऱ्याखाली पडलेली मोटारसायकल शोधायला दोघं उतरले आणि जुन्या जाळ्यात अडकले. तिसऱ्या पाणबुड्यानं जाळं कापून त्यांना वर आणलं. सलीमकडं आम्हाला शिकवणारे हवालदार धावले. शोभा माझ्या वाट्याला आली.

मला ती आवडत नव्हती.

सांगलीच्या होमगार्डमध्ये आम्ही दोघी एकाच दिवशी भरती झालो. कृष्णेत मी तिच्यापेक्षा चांगली पोहायचे, हे तीच सगळ्यांना सांगायची. पण पाणबुड्यांच्या कोर्सला दहावी पास लागायची. माझी चौथी झालेली. ती विश्रामबागला कॉलेजात गेलेली. तिला पाठीवरचा हवेचा सिलेंडर मिळाला, मला प्रथमोपचाराची पेटी. वर आणखी एक ड्यूटी: सरावात बुडालेली बाई व्हायचं.

हे हवालदार फौजेतून निवृत्त झालेले. सकाळी मला घाटावर आडवं करायचे आणि एकेकाला बोलवायचे. मास्क काढ, पट्टे सोड, हाक मार, श्वास बघ. छाती दाबायचा सराव रबरी पुतळ्यावर.

ते सांगायचे, "बुडालेल्याला हवा कमी पडलेली असते. आधी पाच श्वास, मग दाब. पोटाला हात लावायचा नाही."

सलीम दर वेळी म्हणायचा, "आक्का, माफ करा हां."

शोभा म्हणायची, "आक्का, मेलेल्या माणसानं डोळं वटारू न्हाईत."

"तू आटप लवकर. फरशी तापलीया."

सगळे हसायचे. मी तिच्या काळ्या सूटकडं बघत पडून राहायचे.

त्या दिवशी गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "पालथी घाला तिला! पोट दाबा, पाणी काढा!" दोघं तिचे पाय धरायला आले. आमच्याकडं अजून असंच करतात.

"हात लावू नका."

"आवं, पण पोटात पाणी हाय की!"

"मागं सरा म्हटलं ना!"

वायरलेसवर कोणीतरी बोलत होतं. "कंट्रोल, दोन कॅज्युअल्टी. श्वास नाही. अँब्युलन्स पाठवा. ओव्हर."

मान मागं, नाक बंद, पाच श्वास. काही नाही. छाती दाबायला लागले. तीस दाब, दोन श्वास. पुन्हा तीस. लोक म्हणत होते, "आपली शोभा हाय ती, पाणबुडी बाई." तिचं नाव सगळ्यांना ठाऊक. माझं कुणाला नव्हतं. ते ऐकू येत होतं आणि मी दाबत होते. हाताखाली बरगडी मोडली.

"ऊठ गं भवाने."

ती खोकली, ओकली. मी तिला कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला.

हवालदार सलीमची छाती दाबतच होते. अँब्युलन्सच्या डॉक्टरांनी हात धरला तेव्हा थांबले.

शोभा आता नव्या पाणबुड्यांना शिकवते. पेपरात फोटो येतो. मी अजून जळते.

सलीम तासगावचा. घरी बेदाण्याचा व्यापार होता, तो सोडून पाण्यात आला होता. दोन मुली होत्या त्याला.

शोभा वाचली. सलीम वाचला नाही.