शाळेच्या दारातली पायताणं

कोल्हापुरात कॅथलिक मिशनच्या मुलांच्या प्राथमिक शाळेत मी पहिलीला शिकवत होतो. जूनमध्ये नव्या पालकांना शाळा दाखवायचं काम शिपाईमामांचं. आधी नळ, मग संडास, मग वर्ग. "पोरगं पयलं हेच इचारणार की," असं ते म्हणत. प्रार्थनेच्या खोलीपाशी त्यांचा दणदणीत आवाज आपोआप उतरायचा. पण कुणी दारात चपला काढल्या की ओरडायचे, "पावणं, पायताण घाला! देऊळ न्हाय, शाळा हाय ही!" माणसं ओशाळायची. मला ते खटकायचं, पण मी कधी बोललो नाही.

एकदा शिरोळकडचा एक शेतकरी पोराला घेऊन आला. त्यानं दारात पायताणं काढली आणि मामा ओरडले. तो हात जोडून म्हणाला, "असू द्या मामा. आमच्या घरात शाळेचा उंबरा चढणारा ह्योच पयला. आमास्नी देऊळच हाय."

 मामांनी वाकून त्याची पायताणं भिंतीकडेला नीट लावली. मग स्वतःच्या वहाणा काढून शेजारी ठेवल्या.

त्या दिवशी त्यांनी सगळी शाळा दाखवली. दोघं अनवाणी पुढं चालले होते. मी मागं होतो, आणि व्हरांड्यात फक्त माझ्या बुटांचा आवाज येत होता.