सासूबाईंची सुरी आणि माझा काळा लेप

आमच्या घरात पोलादातलं सगळ्यात जास्त मला कळतं. म्हणूनच सासूबाईंची सुरी वाया गेली.

सासूबाई बिबवेवाडीला राहतात. त्यांच्या संसाराइतकीच जुनी ही सुरी; तिनं चिरलेल्या कोबीतून पलीकडचं दिसायचं. पाहुणे येणार म्हणून आम्ही ती मांजरीला, आमच्या घरी, मागून आणली आणि मी ती रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवली. सकाळी पात्यावर गंजाचे ठिपके! दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी सासूबाई घरातली हत्यारं पुजतात (कात्री, पक्कड आणि मधोमध ही सुरी). ती न्यायला त्या आदल्या संध्याकाळीच, म्हणजे आजच, येणार होत्या.

"गंज घास, तेल लाव आणि ठेव," केतकी, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

इतकी सोपी कामं मी करत नाही. माझ्याकडे भाजून पक्का होणारा काळा लेप होता. एकदा लावला की जन्मात गंज नाही. मी मूठ काढली, पातं घासलं, धार मोकळी सोडून लेप लावला आणि ओव्हनमध्ये ठेवलं.

"आच मंदच हवी," मी केतकीला समजावलं. "जास्त तापलं तर पोलाद मऊ पडतं. लोक इथेच घाई करतात."

"लोकांना सांगते हं," ती म्हणाली.

थोड्या वेळात लाईट गेली. लेप अजून बोटाला चिकटत होता. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला, "रिक्षात बसले."

मी पातं चिमट्यात धरलं आणि भरताच्या वांग्यासारखं गॅसवर उलटसुलट भाजलं.

"अरे, मंद आच म्हणाला होतास ना?"

"बारीकच आहे गॅस." (वांग्याच्या मानाने.)

लेप झकास सुकला. धारेवर सुंदर निळी झाक आली. मूठ बसवून मी सुरी ओट्यावर मांडली आणि कौतुकाची वाट पाहत बसलो.

सासूबाईंनी आल्या आल्या टोमॅटो घेतला. सुरीनं तो चिरला नाही, नुसता चेपला. "धार लावून देतो," म्हणत मी पातं दगडावर घासलं, तर धारच मुडपली. पोलाद मऊ पडलं होतं. मला मनापासून वाईट वाटलं. केतकी फ्रिजमध्ये डोकं घालून हसत होती.

शेवटी सासूबाईंनी सुरी फडक्यात गुंडाळली. "नेते. उद्या पुजायचीय."

"पण आई, ती आता कापत नाही."

"कामाला न येणाऱ्यांचाही आम्ही मान ठेवतो, जावईबापू. दर दिवाळीला तुम्हाला पाटावर बसवतोच ना?"

त्या दिवाळीलाही पाट होता, भोवती रांगोळी होती. ताटात कोशिंबिरीच्या जागी मात्र अख्खी काकडी होती आणि शेजारी ती काळी सुरी. काकडी मी मुकाट्याने दातांनी तोडून खाल्ली.